नोंद गायब, डेटा जागेवर

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक डिस्कची, तिच्या प्रत्येक पार्टिशनची आणि प्रत्येक व्हर्च्युअल व्हॉल्यूमची एक नोंद '/डेव्ह' या डिरेक्टरीत असते. ही डिरेक्टरी डिस्कवर नसते, मेमरीत असते. सर्व्हर बंद झाला की ती सगळीच्या सगळी जाते आणि पुढच्या बूटला शून्यापासून पुन्हा उभी राहते. रिबूटनंतर एखादा व्हॉल्यूम दिसेनासा झाला, तर विचाराची सुरुवात इथून करावी. ती नोंद कोणी पुसलेली नसते. या खेपेला ती तयार व्हायची राहून गेलेली असते.

प्रसंग ओळखीचा आहे. शनिवारी रात्री कर्नलचा अपडेट लावला आणि सर्व्हर रिबूट केला. स्क्रीनवर लाल चांदण्यांची पट्टी मागेपुढे सरकते. शेजारी '/डेव्ह/मॅपर' मधल्या एका नावाची वाट पाहत असल्याचा संदेश असतो आणि सेकंद १ मिनिट ३० कडे चढत जातात. दीड मिनिट संपते, 'टाइम्ड आउट' येते आणि सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागतो. ज्या व्हॉल्यूमवर डेटाबेस किंवा डझनभर व्हर्च्युअल मशीन होत्या, त्याचा पत्ता नाही. पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो डेटा गेल्याचा.

बहुतेक वेळा डेटा जसाच्या तसा असतो. खरा धोका पुढच्या अर्ध्या तासाचा आहे, कारण घाबरलेला माणूस त्या अर्ध्या तासात डिस्कवर काहीतरी लिहितो. म्हणून या प्रकरणाचा सगळा भर एकाच शिस्तीवर आहे: आधी वाचायचे, कडी कुठे तुटली ते ठरवायचे आणि तेवढीच कडी जोडायची.

नाव, क्रमांक आणि माल

यंत्राशी फाइलसारखे बोलायचे, ही कल्पना युनिक्सची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले (त्यावरचा त्यांचा प्रसिद्ध लेख १९७४ साली आला), तेव्हापासून डिस्कला '/डेव्ह' मध्ये एक खास फाइल असते. त्या फाइलमध्ये डेटा नसतो. तिच्यात दोन क्रमांक असतात. पहिला क्रमांक कर्नलमधला कोणता ड्रायव्हर ते सांगतो, दुसरा त्या ड्रायव्हरच्या हाताखालचे नेमके कोणते यंत्र ते सांगतो. पहिल्या एससीएसआय डिस्कसाठी ही जोडी ८:० असते. कर्नलमध्ये व्हर्च्युअल व्हॉल्यूम उभे करणाऱ्या डिव्हाइस मॅपरच्या व्हॉल्यूमसाठी ती २५३:० सारखी दिसते. त्यातला पहिला आकडा बूटच्या वेळी ठरतो, त्यामुळे वेगवेगळ्या सर्व्हरवर तो वेगळा असू शकतो.

सातबाऱ्यावर नाव चढायचे राहिले म्हणून शेत नाहीसे होत नाही. '/डेव्ह' मधल्या नोंदीचे आणि डिस्कवरच्या डेटाचे नातेही तसेच आहे.

पूर्वी या नोंदी डिस्कवर कायमच्या करून ठेवलेल्या असत. कधी कोणते यंत्र जोडले जाईल याचा नेम नसल्याने शक्य तितक्या सगळ्यांच्या नोंदी आधीच असत. जुन्या रेड हॅट लिनक्स ९ च्या '/डेव्ह' मध्ये अशा १८,००० हून अधिक नोंदी होत्या आणि त्यातल्या बहुतेकांमागे कोणतेही यंत्र नव्हते. २००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 'युडेव्ह' पुढे आणले. यंत्र दिसले की नोंद करायची, गेले की काढायची. २००९ मध्ये कर्नल २.६.३२ सोबत 'डेव्हटीएमपीएफएस' आले आणि मूळ नोंद कर्नल स्वतःच मेमरीत करू लागला. आज कामाची वाटणी अशी आहे: '/डेव्ह/डीएम-०' ही मूळ नोंद कर्नल करतो आणि माणसाला कळेल असे '/डेव्ह/मॅपर' मधले किंवा व्हॉल्यूम ग्रुपच्या नावाखालचे नाव युडेव्ह त्याला जोडतो. या व्यवस्थेमुळे '/डेव्ह' स्वच्छ झाले, पण त्याची किंमतही आहे. प्रत्येक बूटला प्रत्येक नाव नव्याने कमवावे लागते.

सात कड्या

व्हर्च्युअल व्हॉल्यूमची लिनक्सवरची सर्वांत रुळलेली व्यवस्था म्हणजे एलव्हीएम. हाइन्झ माउल्सहागेन यांनी एचपी-यूएक्समधल्या व्हॉल्यूम मॅनेजरच्या धर्तीवर १९९८ मध्ये ती लिहिली. खऱ्या डिस्क किंवा पार्टिशन हे फिजिकल व्हॉल्यूम. ते एकत्र करून झालेला साठा म्हणजे व्हॉल्यूम ग्रुप. त्यातून हवे तेवढे कापून घेतलेले लॉजिकल व्हॉल्यूम. कर्नलच्या बाजूने हे काम डिव्हाइस मॅपर करतो. लॉजिकल व्हॉल्यूमचा अमुक तुकडा कोणत्या डिस्कवर कुठे आहे, एवढेच सांगणारा एक तक्ता त्याच्याकडे असतो.

बूटच्या वेळी एका व्हॉल्यूमचे नाव '/डेव्ह' मध्ये येईपर्यंत सात गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात. एक, कर्नलला खरी डिस्क दिसली पाहिजे. दोन, मधले थर उभे राहिले पाहिजेत: रेड, मल्टिपाथ किंवा एन्क्रिप्शन. तीन, एलव्हीएमने डिस्कवरची आपली खूण वाचून ती डिस्क आपली मानली पाहिजे. चार, ग्रुपमधल्या सगळ्या डिस्क हजर झाल्या पाहिजेत. पाच, व्हॉल्यूम ॲक्टिव्ह झाला पाहिजे, म्हणजे त्याचा तक्ता डिव्हाइस मॅपरकडे गेला पाहिजे. सहा, युडेव्हने नाव जोडले पाहिजे. सात, जो कोणी व्हॉल्यूम मागतो आहे, मग ती 'एफएसटॅब' फाइल असो की व्हर्च्युअल मशीनची कॉन्फिगरेशन, त्याने बरोबर नाव मागितले पाहिजे.

सातपैकी कोणतीही कडी तुटली तरी शेवटी दिसणारा संदेश एकच असतो: असे काही डिव्हाइस नाही. म्हणून संदेशावरून कारण ओळखता येत नाही. ते साखळीत शोधावे लागते.

फक्त वाचणाऱ्या कमांड

शोधण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या कमांड डिस्कवर काहीही न लिहिणाऱ्या आहेत, ही मोठी सोय आहे. 'एलएसबीएलके -एफ' दिल्यावर कर्नलला दिसणाऱ्या डिस्क आणि त्यांवरच्या खुणा दिसतात. 'पीव्हीएस', 'व्हीजीएस' आणि 'एलव्हीएस -ए' या तीन कमांड एलव्हीएमचे म्हणणे सांगतात. 'डीएमसेटअप एलएस' मधून डिव्हाइस मॅपरकडे खरोखर कोणते तक्ते आहेत ते कळते. 'जर्नलसीटीएल -बी' मध्ये या बूटची हकिगत असते.

या कमांडची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की तुटलेली कडी दिसते. 'एलएसबीएलके' मध्ये डिस्कच नसेल, तर दोष पहिल्या दोन कड्यांत आहे आणि एलव्हीएमकडे बघण्यात अर्थ नाही. डिस्क आहे, तिच्यावर 'एलव्हीएम२_मेंबर' ही खूणही आहे, पण 'पीव्हीएस' तिचे नाव घेत नाही, तर तिसरी कडी. 'व्हीजीएस' च्या ॲट्रिब्यूट रकान्यात चौथ्या जागी 'पी' दिसला, तर ग्रुप अपुरा आहे, म्हणजे चौथी. 'एलव्हीएस' व्हॉल्यूम दाखवते पण ॲट्रिब्यूटच्या पाचव्या जागी 'ए' ऐवजी नुसती रेघ आहे, तर तो ॲक्टिव्ह झालेला नाही: पाचवी. 'डीएमसेटअप' ला व्हॉल्यूम माहीत आहे आणि '/डेव्ह/मॅपर' मध्ये नाव नाही, तर सहावी. आणि सगळे जागेवर असूनही माउंट होत नसेल, तर मागणारा चुकीचे नाव मागतो आहे.

डिस्कच दिसत नाही

पहिल्या कडीचा दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा वेळेचा असतो. बूटच्या सुरुवातीला कर्नल 'इनिटरॅमएफएस' नावाचा एक छोटा गठ्ठा मेमरीत उघडतो. मुख्य फाइल सिस्टिमपर्यंत पोहोचायला लागणारे ड्रायव्हर आणि हत्यारे त्यात असतात. रेड हॅट परिवारात तो 'ड्रॅकट' बांधतो आणि सहसा त्या क्षणी त्या मशीनला लागतात तेवढेच ड्रायव्हर त्यात घेतो. तेच व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या हायपरव्हायझरवर नेले, डिस्कचा कंट्रोलर बदलला, की गठ्ठ्यात नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो. डिस्क शाबूत, पण तिच्याशी बोलणारे कोणी नाही. रेस्क्यू कर्नलने बूट करून गठ्ठा पुन्हा बांधला की काम होते.

नेटवर्कवरून येणाऱ्या आयस्कझी डिस्कचा प्रश्न वेळेचा असतो. नेटवर्क उभे राहण्याआधीच 'एफएसटॅब' ने माउंट मागितले, तर डिस्क येणार कुठून? त्या ओळीत '_नेटडेव्ह' हा पर्याय लिहिला आणि आयस्कझीचे लॉगिन आपोआप होण्यावर ठेवले, की क्रम बरोबर लागतो.

डिस्क दिसते, एलव्हीएम ओळखत नाही

तिसरी कडी अलीकडे जास्त तुटताना दिसते आणि त्याला कारण आहे. एलव्हीएमने कोणत्या डिस्ककडे पाहायचे हे पूर्वी 'एलव्हीएम.कॉन्फ' मधला फिल्टर ठरवत असे. २०२१ पासून 'डिव्हाइसेस फाइल' ची सोय आली आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये ती मुळातच चालू असते. '/ईटीसी/एलव्हीएम/डिव्हाइसेस' मधल्या यादीत ज्या डिस्कची ओळख लिहिली आहे, तिच्याकडेच एलव्हीएम बघतो. बाकीच्या डिस्क त्याच्या लेखी नाहीत. ही ओळख डिस्कच्या सीरियल नंबरवर किंवा जागतिक ओळख क्रमांकावर बेतलेली असते. व्हर्च्युअल मशीन हलवले, स्टोरेज बदलले, बॅकअपमधून डिस्क परत आणली, की ओळख बदलते आणि यादीतल्या नावाशी जुळत नाही.

तपासणी सोपी आहे. 'पीव्हीएस' ला रिकामी डिव्हाइसेस फाइल देऊन पाहावे, म्हणजे 'पीव्हीएस --डिव्हाइसेसफाइल ""'. आता फिजिकल व्हॉल्यूम दिसला तर दोष यादीत आहे. 'एलव्हीएमडिव्हाइसेस --चेक' ने फरक पाहून घ्यावा, डिस्क आपलीच आहे याची खात्री करावी आणि मग 'एलव्हीएमडिव्हाइसेस --ॲडडेव्ह' ने तिची नोंद करावी.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. 'इनिटरॅमएफएस' मध्ये एलव्हीएमच्या कॉन्फिगरेशनची स्वतंत्र प्रत असते. चालू सिस्टिममध्ये फिल्टर बदलला, पण गठ्ठा पुन्हा बांधला नाही, तर पुढच्या बूटला जुनाच फिल्टर लागू होतो. फिल्टरला हात लावला की लगोलग 'ड्रॅकट -एफ' किंवा डेबियन-उबुंटूवर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' हे एकच काम समजावे.

याच कडीचा उलट प्रकारही होतो. स्टोरेजवर डिस्कचा क्लोन काढला आणि तो त्याच सर्व्हरला जोडला, तर एकच ओळख सांगणाऱ्या दोन डिस्क समोर येतात. खरी कोणती हे ठरवता येत नसल्यामुळे एलव्हीएम तो ग्रुप ॲक्टिव्ह करायला नकार देतो. हा नकार योग्य आहे. क्लोन बाजूला करावा, किंवा 'व्हीजीइम्पोर्टक्लोन' ने त्याला नवी ओळख द्यावी.

दिसतो, पण ॲक्टिव्ह नाही

व्हॉल्यूम 'एलव्हीएस' मध्ये दिसतो आणि फक्त ॲक्टिव्ह नसतो, तेव्हा 'व्हीजीचेंज -एवाय' आणि पुढे ग्रुपचे नाव, एवढ्याने तो उभा राहतो. पण ही कमांड देण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: तो मुद्दाम तर बंद ठेवलेला नाही ना?

क्लस्टरमध्ये एकच स्टोरेज दोन सर्व्हरना जोडलेले असते आणि एका वेळी एकाच सर्व्हरने व्हॉल्यूम वापरायचा असतो. म्हणून तिथे आपोआप ॲक्टिव्ह होणे जाणूनबुजून बंद केलेले असते, कधी 'ऑटो_ॲक्टिव्हेशन_व्हॉल्यूम_लिस्ट' रिकामी ठेवून, तर कधी त्या ग्रुपचे ऑटोॲक्टिव्हेशन काढून. अशा ठिकाणी हाताने व्हॉल्यूम सुरू करून माउंट केला आणि तो दुसऱ्या सर्व्हरवर आधीच माउंट असला, तर एक्सटी४ किंवा एक्सएफएससारखी फाइल सिस्टिम दोन्हीकडून लिहिली जाऊन मोडते. इथे डेटा खरोखर जातो, तोही एका साध्या वाटणाऱ्या कमांडमुळे.

क्लस्टर नसेल, तर आपोआप ॲक्टिव्ह का झाला नाही ते शोधावे. नव्या एलव्हीएममध्ये ग्रुपची शेवटची डिस्क हजर झाली की 'एलव्हीएम-ॲक्टिव्हेट' आणि पुढे ग्रुपचे नाव अशी एक तात्पुरती सर्व्हिस सुरू होते. जर्नलमध्ये ती सापडली आणि फेल झालेली असली, तर कारण तिथेच लिहिलेले असते. ती सुरूच झाली नसेल, तर ग्रुप पूर्ण झाल्याचे कोणाला कळलेच नाही, म्हणजे तपास एक-दोन कड्या मागे न्यावा.

'दुरुस्ती करा' असे सांगणारा संदेश

थिन पूलचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. थिन पूलमध्ये व्हॉल्यूमला जागा आधी दिली जात नाही. लिहिले जाईल तशी मिळते. कोणती जागा कोणाची याचा हिशेब पूलच्या स्वतंत्र मेटाडेटामध्ये असतो आणि पूल ॲक्टिव्ह करण्याआधी एलव्हीएम 'थिन_चेक' नावाच्या हत्याराने तो हिशेब तपासतो.

हे हत्यार वेगळ्या पॅकेजमध्ये येते. डेबियन आणि उबुंटूवर त्याचे नाव 'थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्स'. ते पॅकेज सिस्टिमवर नसेल, तर रिबूटनंतर पूल उभा राहत नाही आणि दोन ओळी दिसतात. पहिली ओळ म्हणते की 'थिन_चेक' चालवता आले नाही, कारण अशी फाइल नाही. दुसरी ओळ म्हणते की पूलची तपासणी फेल झाली, स्टेटस २, हाताने दुरुस्ती करणे आवश्यक.

घाईत असलेला माणूस दुसरी ओळ वाचतो आणि 'एलव्हीकन्व्हर्ट --रिपेअर' चालवायला निघतो. पहिली ओळ वाचणाऱ्याला कळते की पूलमध्ये काहीच बिघडलेले नाही. तपासणारे हत्यारच जागेवर नाही. पॅकेज टाकले, इनिटरॅमएफएस पुन्हा बांधला, 'व्हीजीचेंज -एवाय' दिली, की सगळे व्हॉल्यूम परत येतात.

याच घराण्यातला दुसरा दोष मोठ्या पूलमध्ये दिसतो. तपासणीला इतका वेळ लागतो की युडेव्हची वेळमर्यादा संपते आणि ॲक्टिव्ह करण्याचे काम अर्ध्यात मारले जाते. मग पूलचे आतले दोन भाग, नावाच्या शेवटी '_टीमेटा' आणि '_टीडेटा' असलेले, ॲक्टिव्ह राहतात आणि पूल मात्र बंद. पुन्हा प्रयत्न केला की एलव्हीएम म्हणतो, आतला भाग ॲक्टिव्ह असताना पूल ॲक्टिव्ह करण्याची परवानगी नाही. हे दोन भाग आधी 'एलव्हीचेंज -एएन' ने बंद करावेत, मग पूल सुरू करावा. कायमचा उपाय म्हणून 'एलव्हीएम.कॉन्फ' मध्ये 'थिन_चेक' ला '--स्किप-मॅपिंग्ज' हा पर्याय देतात. त्याने तपासणी थोडक्यात होते आणि वेळेत संपते.

झेडएफएसचे झेडव्हॉल

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅट एरेन्स यांनी उभारलेले झेडएफएस आज ओपनझेडएफएसच्या रूपात लिनक्सवर भरपूर वापरले जाते. त्यातल्या व्हर्च्युअल डिस्कला झेडव्हॉल म्हणतात. तिची मूळ नोंद '/डेव्ह/झेडडी०' अशी असते. पुढचा झेडव्हॉल १ नसून १६ असतो, त्यानंतर ३२, कारण प्रत्येकाच्या पार्टिशनसाठी मधले क्रमांक राखून ठेवलेले असतात. '/डेव्ह/झेडव्हॉल' खाली पूल आणि व्हॉल्यूमच्या नावाने जी लिंक दिसते, ती युडेव्हचा एक नियम जोडतो. व्हर्च्युअल मशीनच्या कॉन्फिगरेशनमध्ये सहसा हीच लिंक लिहिलेली असते.

लिंक नसेल तर चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात. 'झेडपूल लिस्ट' मध्ये पूल आहे का? नसेल तर तो इम्पोर्टच झालेला नाही. पूल असेल आणि व्हॉल्यूम एन्क्रिप्टेड असेल, तर त्याची की लोड झाली आहे का? की नसताना झेडव्हॉलचे डिव्हाइस बनत नाही. व्हॉल्यूमची 'व्हॉलमोड' प्रॉपर्टी 'नन' तर नाही? तशी असेल तर डिव्हाइस दाखवायचेच नाही असे ठरलेले आहे. आणि शेवटी, 'झेडडी' नोंदी आहेत पण लिंक नाहीत, असे आहे का? असेल तर 'युडेव्हॲडम ट्रिगर' ने ब्लॉक डिव्हाइसच्या घटना पुन्हा पाठवाव्यात आणि 'युडेव्हॲडम सेटल' ने त्या संपेपर्यंत थांबावे. लिंक येतात.

शेकडो झेडव्हॉल असलेल्या सर्व्हरवर कधी कधी दोष कुठेच नसतो. फक्त घाई असते. पूल इम्पोर्ट झाल्यावर डिव्हाइस मागाहून, आपल्या गतीने बनत जातात. तेवढ्यात व्हर्च्युअल मशीन सुरू व्हायला लागल्या, तर काहींना आपली डिस्क सापडते, काहींना नाही. पुढच्या बूटला वेगळ्याच मशीन अडकतात. प्रत्येक बूटला दोष जागा बदलत असेल, तर शंका वेळेवर घ्यावी. ओपनझेडएफएसमध्ये 'झेडव्हॉल_वेट' ही कमांड आणि 'झेडएफएस-व्हॉल्यूम-वेट' ही सर्व्हिस यासाठीच आहे. व्हर्च्युअल मशीन सुरू करणारी सर्व्हिस तिच्यानंतर लावली की ही शर्यत संपते.

नावातली दुहेरी रेघ

शेवटच्या दोन कड्यांचे दोष छोटे असले तरी वेळ फार खातात. '/डेव्ह/मॅपर' मध्ये ग्रुपचे आणि व्हॉल्यूमचे नाव एका आडव्या रेघेने जोडलेले असते. मग नावातच रेघ असेल तर? ती दुहेरी होते. ग्रुप 'डेटा-जुना' आणि व्हॉल्यूम 'मेल' असेल, तर खरे नाव 'डेटा--जुना-मेल' होते. 'एफएसटॅब' मध्ये एकेरी रेघ लिहिली की व्हॉल्यूम डोळ्यांसमोर असूनही बूट दीड मिनिट थांबतो. यूयूआयडी लिहिणे हा बरा मार्ग. ज्या व्हॉल्यूमवाचून सर्व्हर सुरू होऊ शकतो, त्याच्या ओळीत 'नोफेल' लिहावे, म्हणजे एका दुय्यम डिस्कपायी सगळा सर्व्हर इमर्जन्सी मोडमध्ये जात नाही.

रेस्क्यू मोडमध्ये 'सीएचरूट' करून काम करताना युडेव्ह बाहेर राहिलेला असतो, त्यामुळे व्हॉल्यूम ॲक्टिव्ह होऊनही नाव येत नाही. तिथे 'व्हीजीएमकेनोड्स' किंवा 'डीएमसेटअप एमकेनोड्स' ने नावे घालून घेता येतात.

खूणच पुसली गेली तर

आतापर्यंतच्या कोणत्याही प्रकारात व्हॉल्यूम दिसेनासा होताना डिस्कवरचा एकही बाइट बदललेला नव्हता. एक प्रकार मात्र वेगळा आहे. एलव्हीएमची खूण, 'लेबलवन' ही आठ रोमन अक्षरे, सहसा डिस्कच्या दुसऱ्या सेक्टरमध्ये असते. जीपीटी पार्टिशन टेबलचे शीर्षही नेमके त्याच सेक्टरमध्ये लिहिले जाते. पार्टिशन न करता पूर्ण डिस्क एलव्हीएमला दिलेली असेल, तर ती दुसऱ्या कोणत्याही सिस्टिमला कोरी वाटते. कोणीतरी ती चुकून दुसऱ्या सर्व्हरला जोडतो, तिथे 'डिस्क इनिशियलाइझ करायची का' असे विचारले जाते, तो 'हो' म्हणतो आणि खूण जाते.

तरीही आशा सोडायची नाही. नेहमीच्या मांडणीत खूण आणि मेटाडेटा डिस्कच्या पहिल्या १ एमबीमध्ये असतो आणि व्हॉल्यूमचा डेटा त्यानंतर सुरू होतो. शिवाय एलव्हीएमचा मेटाडेटा साध्या मजकुराच्या रूपात असतो. डिस्कचा पहिला १ एमबी 'डीडी' ने काढून 'स्ट्रिंग्ज' मधून पाहिला, तर ग्रुपचे नाव, 'एक्स्टेंट_साइझ = ८१९२' अशी ओळ, प्रत्येक व्हॉल्यूमचे तुकडे, कोणत्या सर्व्हरवर ग्रुप बनला ते, सगळे वाचता येते. ८१९२ सेक्टर म्हणजे ४ एमबी, एलव्हीएमचा नेहमीचा एक्स्टेंट. प्रत्येक बदलाला मेटाडेटाची नवी प्रत पुढच्या जागेत लिहिली जाते, त्यामुळे जुन्या प्रतीही बऱ्याचदा सापडतात.

मेटाडेटाची आणखी एक प्रत एलव्हीएम स्वतः '/ईटीसी/एलव्हीएम/बॅकअप' मध्ये ठेवतो आणि आधीच्या प्रती 'आर्काइव्ह' मध्ये. ती हाताशी असेल, तर जुनाच यूयूआयडी देऊन 'पीव्हीक्रिएट --रिस्टोअरफाइल' आणि मग 'व्हीजीसीएफजीरिस्टोअर' या क्रमाने ग्रुप परत उभा करता येतो. पण हे डिस्कवर लिहिणारे काम आहे. आधी संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी, निदान पहिल्या काही एमबींची तरी, आणि मगच हात लावावा. यूयूआयडी न देता नुसते 'पीव्हीक्रिएट' किंवा 'एमकेएफएस' चालवणे म्हणजे वाचलेला डेटा आपल्या हाताने घालवणे. ही बॅकअप फाइल त्याच ग्रुपवरच्या रूट व्हॉल्यूममध्ये अडकून राहिली तर ऐनवेळी उपयोग नाही, म्हणून तिची एक प्रत दुसऱ्या मशीनवर हवी. काही किलोबाइटची फाइल असते ती. न ठेवण्याला कारण नाही.

दुरुस्ती कधी पूर्ण होते

व्हॉल्यूम हाताने ॲक्टिव्ह केला, माउंट झाला, डेटाबेस सुरू झाला, की सुटकेचा निःश्वास टाकून काम बंद करण्याचा मोह होतो. पण '/डेव्ह' पुन्हा शून्यापासूनच उभे राहणार आहे. तुटलेली कडी तशीच राहिली, तर पुढच्या कर्नल अपडेटला, किंवा वीज गेल्यावर मध्यरात्री, तोच प्रसंग पुन्हा येईल आणि तेव्हा समोर कदाचित दुसरा माणूस असेल.

म्हणून दोन कामे त्याच रात्री उरकावीत. एक, कोणती कडी तुटली होती आणि कशाने जोडली हे चार ओळींत लिहून ठेवावे, 'पीव्हीएस', 'व्हीजीएस', 'एलव्हीएस' आणि 'एलएसबीएलके' यांच्या आत्ताच्या उत्तरांसह. सुस्थितीतल्या सर्व्हरचे हे चित्र हाताशी असले, की पुढच्या वेळी काय गायब आहे ते पाहताक्षणी कळते. दोन, लोकांना आधी सांगून सर्व्हर पुन्हा एकदा मुद्दाम रिबूट करावा आणि कोणीही हात न लावता सगळे व्हॉल्यूम आपापल्या नावांनी येतात की नाही ते बघावे. आले, तर दुरुस्ती झाली. नाही आले, तर ती अजून व्हायची आहे, आणि आत्ता, सगळी माहिती ताजी असताना, तिच्यासाठी याहून चांगली वेळ मिळणार नाही.